यंत्राच्या पोटातले पूल

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद असा मीटरगेज लोहमार्ग झाला. तेव्हाचे औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावे त्यावर आली. पूर्णा जंक्शनवरून हिंगोलीकडे निघणारा फाटाही मीटरगेजच होता. त्यामुळे परभणीला भरलेली वाघीण पूर्णेला एका गाडीतून सोडवून दुसऱ्या गाडीला जोडली की ती हिंगोलीच्या वाटेला लागे. तिचे दार उघडायचे कारण नव्हते. मनमाडला मात्र मुंबईकडून आलेली ब्रॉडगेज. तिथे माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे आणि उतारूंनाही बोचकी घेऊन गाडी बदलावी लागे. १९९०च्या दशकात मनमाड-परभणी मार्ग रुंद झाला आणि रूळबदलाचे ठिकाण मनमाडहून थेट पूर्णेला आले, कारण अकोल्याकडचा फाटा तेवढा अरुंद राहिला होता. २००८ मध्ये तोही रुंद झाला.

संगणकांच्या जाळ्यातही नेमकी ही दोन प्रकारची जंक्शने असतात. एकात वाघीण न उघडता इकडून तिकडे जाते. त्याला ब्रिज, म्हणजे पूल म्हणतात. दुसऱ्यात वाघीण उघडतात, आतला माल पाहतात, तो कुठे जायचा ते ठरवतात आणि नव्या वाघिणीत भरून पुढे पाठवतात, तो राउटर. आम्हाला या लेखात सांगायची आहे ती पहिल्याची, म्हणजे पुलाची हकीगत. ती १९७३ साली एका जाड तारेपासून सुरू होते आणि आज ज्या ठिकाणी येऊन पोहोचली आहे तिथे तारच नाही. एकाच संगणकाच्या पोटात चारपाच ‘आभासी’ संगणक चालतात आणि त्यांना जोडणारे दोन-तीन पूलही त्याच पोटात असतात. न दिसणाऱ्या अशा पुलांनी परभणी जिल्ह्यातल्या एका संस्थेत आमची कशी फजिती केली, तेही पुढे येईलच.

पण आधी जाड तार.

अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये ईथरनेट नावाची रचना सुरू केली. एका सामाईक तारेला सगळे संगणक चिकटवायचे. ज्याला बोलायचे त्याने तार शांत आहे ना हे ऐकायचे आणि बोलायला लागायचे. दोघे एकदम बोलले तर संदेशांची टक्कर होते. मग दोघांनीही गप्प बसायचे आणि आपापल्या मनाने थोडा, पण वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. ही युक्ती हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहा या रेडिओ जाळ्यावरून सुचलेली होती. तिथे बेटाबेटांवरची यंत्रे एकाच कंपनसंख्येवर बोलत. हात वर न करता उत्तरे देणाऱ्या वर्गात शिकवलेल्या शिक्षकांना यात नवे काही वाटणार नाही.

प्रत्येक संदेश एका चौकटीत भरून जातो. चौकटीच्या सुरुवातीला कोणाला द्यायचे आणि कोणी पाठवले, असे दोन पत्ते. पत्ता ४८ बिटांचा. तो प्रत्येक लॅन कार्डात कारखान्यातच कोरलेला असतो.

आता या तारेची लांबी किती असू शकते? हा प्रश्न अकरावी-बारावीच्या मुलांना घालण्यासारखा आहे. पुढे रूढ झालेल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला १ कोटी बिट आणि लहानात लहान चौकट ५१२ बिटांची. म्हणजे ती पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. टक्कर झाली हे पाठवणाऱ्याला चौकट संपण्यापूर्वी कळायला हवे, नाहीतर तो ‘पोहोचले’ असे समजून निघून जाईल. तेव्हा संदेश तारेच्या टोकापर्यंत जाऊन टकरीची खबर परत येण्याला ५१.२ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. तारेत विद्युत संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. गुणाकार केला तर जाऊन-येऊन सुमारे १० किलोमीटर, म्हणजे एका बाजूने ५. मधल्या उपकरणांत जाणारा वेळ वजा करून प्रत्यक्षात २.५ किलोमीटर ही मर्यादा ठरली. गावाच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत, फार तर.

पुलाची गरज इथे निर्माण झाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत मार्क केम्फ यांनी दोन तारा जोडणारी एक पेटी तयार केली. ती एका तारेवरची पूर्ण चौकट ऐकून घेते, साठवते आणि दुसऱ्या तारेवर स्वतः नव्याने बोलते. टक्कर इकडची इकडेच राहते, म्हणून लांबीची मर्यादा प्रत्येक तारेला वेगळी लागू होते.

पण या पेटीचा खरा गुण वेगळाच होता: ती शिकते. गावात नवा पोस्टमन आला आणि त्याला कोणाचेही घर माहीत नाही असे समजा. तो काय करील? येणारे पत्र सगळ्या आळ्यांत दाखवत फिरेल. मात्र फिरता फिरता कोणते पत्र कोणत्या आळीतून टाकले गेले हे तो टिपत जाईल. जोशी वरच्या आळीतून पत्र टाकतात, म्हणजे जोशींना आलेले पत्र वरच्या आळीत न्यायचे. ब्रिज नेमके हेच करतो. चौकटीवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून तो कोणत्या बाजूला राहतो हे वहीत टिपतो. माहीत असलेल्यांच्या चौकटी त्याच बाजूला देतो, माहीत नसलेल्यांच्या सगळीकडे देतो, आणि कोणाची पाच मिनिटे काहीच हालचाल दिसली नाही तर वहीतली ओळ खोडून टाकतो. संगणकांना पूल आहे हे कळतसुद्धा नाही. कोणी काही सांगायचे नाही, कोणी काही बदलायचे नाही. तार लावली की झाले.

इतकी सोय असली की माणसे ती वापरणारच. आणि एक पूल पडला तर पंचाईत नको म्हणून कोणीतरी शेजारी दुसरा पूल बांधणारच.

दोन जाळ्यांमध्ये दोन पूल असले की काय होते ते पाहा. ‘सगळ्यांसाठी’ अशी एक हाक अलीकडच्या जाळ्यात निघाली. पहिल्या पुलाने ती पलीकडे नेली. पलीकडे ती दुसऱ्या पुलाने ऐकली आणि अलीकडे आणली. ती पहिल्याने ऐकली, पुन्हा पलीकडे नेली. हा फेरा कधीच थांबत नाही. इंटरनेटच्या पाकिटावर ‘आणखी इतकीच नाकी ओलांडायची’ असा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट फेकून देतो. ईथरनेटच्या चौकटीवर असा आकडाच नाही, कारण ती रचली तेव्हा एका तारेपलीकडे कोणी पाहिले नव्हते. म्हणून फेऱ्यात सापडलेली चौकट अमर होते. तार सेकंदाला १० कोटी बिटांची असेल तर लहान चौकटी सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार मावतात. काही क्षणांत तार त्याच त्या हाकांनी भरून जाते आणि कामाच्या संदेशाला पाय ठेवायला जागा उरत नाही. याला वादळ म्हणतात, आणि ज्याने ते पाहिले आहे त्याला हे नाव पटते.

हा प्रश्न सोडवला रेडिया पर्लमन यांनी. त्याही डिजिटलमध्येच होत्या. गंमत म्हणजे त्यांना मुळात ब्रिज ही तडजोडच वाटे. लांबच्या जाळ्यांना जोडायचे तर वाघीण उघडून पाहणारा राउटर हवा, असे त्यांचे मत. पण लोकांनी आपल्या आज्ञावल्या थेट ईथरनेटवर उभारल्या होत्या आणि त्या उघडून पाहण्यासारख्या नव्हत्या. त्यांच्या वरिष्ठांनी सांगितले, की पुलांनी आपसात फेरे ओळखून ते मोडावेत असे काही करा, आणि जाळे कितीही मोठे झाले तरी प्रत्येक पुलाला लागणारी स्मृती वाढता कामा नये. वरिष्ठ आठवडाभर रजेवर जात होते. पर्लमन यांना रीत त्याच रात्री सुचली. उरलेला आठवडा त्यांनी त्या रीतीवर एक कविता लिहिण्यात घालवला, आणि ती कविता १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात छापलेली आहे. शोधनिबंधाच्या आरंभी कविता छापून घेण्याचे भाग्य आमच्या वाट्याला अजून आलेले नाही.

रीत अशी. प्रत्येक पुलाला एक क्रमांक असतो. सगळे पूल दर दोन सेकंदांनी शेजाऱ्यांना सांगतात, ‘माझ्या माहितीतला सर्वांत लहान क्रमांक अमुक, आणि मी त्याच्यापासून इतक्या अंतरावर.’ सर्वांत लहान क्रमांकाचा पूल मूळ ठरतो. प्रत्येक पूल मुळाकडे जाणारी आपली एकच जवळची वाट राखतो. ज्या वाटांनी फेरा पुरा होईल त्या तो बंद ठेवतो, पण त्यांवर कान देऊन असतो. वीस सेकंद मुळाची खबर आली नाही तर पुन्हा हिशेब. नव्याने उघडलेली वाट मात्र लगेच वापरायची नाही. पंधरा सेकंद नुसते ऐकायचे, पुढचे पंधरा सेकंद पत्ते शिकायचे आणि मगच चौकटी पुढे द्यायच्या. अर्धे मिनिट वाया गेले तरी चालेल, क्षणभरही फेरा नको, असा हा सावधपणा. १९९० मध्ये ही रीत ८०२.१डी या आंतरराष्ट्रीय मानकात आली.

गणितात याला व्यापक वृक्ष म्हणता येईल: सर्व बिंदूंना जोडणारी आणि एकही फेरा नसलेली आकृती. किर्चॉफ यांनी १८४७ मध्ये विद्युत मंडलांच्या अभ्यासात असे वृक्ष वापरले होते. ओटाकार बोरुव्का यांनी १९२६ मध्ये मोराविया प्रांतात विजेच्या तारा कमीत कमी लांबीत कशा टाकाव्यात हा प्रश्न त्यांच्या साहाय्याने सोडवला. परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके आहेत. नऊ ठिकाणे फेरा न करता जोडायला बरोबर आठ तारा लागतात, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. त्या किती प्रकारे टाकता येतील? केली यांच्या सूत्राप्रमाणे नऊचा सातवा घात, म्हणजे ४७,८२,९६९. फळ्यावर नऊ ठिपके काढून मुलांना आधी अंदाज करायला सांगावे. शंभराच्या पुढे जाणारे थोडेच असतात.

वर्गात पुलांचा खेळही करता येतो. सहा-सात मुलांना चिठ्ठीवर एकेक क्रमांक द्यावा आणि सुतळीने त्यांना आपसात जोडावे. मुद्दाम दोन-तीन फेरे राहतील असे. बोलण्याची परवानगी फक्त सुतळीच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्याशी. सगळ्यांनी वरील वाक्य कुजबुजत राहायचे आणि लहान क्रमांक कळला की आपले वाक्य बदलायचे. चार-पाच फेऱ्यांत मूळ ठरते आणि कोणत्या सुतळ्या खाली सोडायच्या हे मुलेच सांगतात. मग मुळाच्या मुलाला वर्गाबाहेर पाठवावे. पुढचा गोंधळ पाहण्यासारखा असतो, आणि तो मिटतोही.

हे सगळे अमेरिकेत चालले होते तेव्हा आपल्याकडे काय होते? १९८६ मध्ये अर्नेट हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचे जाळे सुरू झाले. मुंबईतले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि तिथली आयआयटी त्याच्या पहिल्या आठ ठिकाणांत होती. जिल्ह्यांपर्यंत पोहोचले ते निकनेट. राष्ट्रीय सूचना केंद्राने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांची मुख्यालये उपग्रहामार्गे दिल्लीशी जोडायला घेतली. या जाळ्याचा आकार ताऱ्यासारखा: मध्ये दिल्ली, भोवती जिल्हे. एका जिल्ह्याने शेजारच्या जिल्ह्याला पाठवलेला संदेश आधी ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे, तिथून दिल्लीला, पुन्हा वर, पुन्हा खाली, असा जवळजवळ दीड लाख किलोमीटर फिरून येई. परभणी आणि नांदेड यांच्यामध्ये रेल्वेचा थोडासाच प्रवास. संदेशाला मात्र अवकाशातून दोन वाऱ्या. या आकाराचा एक फायदा होता. तारा हा मुळातच वृक्ष असतो, त्यात फेरा होऊच शकत नाही. पुलांचे हे दुखणे आपल्याकडे आले ते पुढे, शाळा-महाविद्यालयांतून स्वस्त लॅन कार्डे, निळ्या-करड्या तारा आणि आठ भोकांच्या स्विचच्या पेट्या आल्या तेव्हा. स्विच म्हणजे दुसरे काही नाही, अनेक तोंडांचा ब्रिजच.

आता हकीगतीचा दुसरा धागा.

आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ मध्ये एक प्रयोग पुरा झाला. एका मोठ्या संगणकावर अशी आज्ञावली चालवायची की तीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्यापुढे स्वतंत्र, संपूर्ण संगणक आहे असे वाटावे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, हा केवळ योगायोग; पण मुलांना काळाची कल्पना द्यायला बरा. आपल्या टेबलावरच्या संगणकांना हे जमेल असे बराच काळ कोणाला वाटत नव्हते, कारण त्यांच्या प्रक्रियकाच्या काही आज्ञा आभासी संगणकाचे सोंग उघडे पाडत. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने त्यावर तोड काढली, २००३ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आले, आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रक्रियकातच सोय केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही रचना फेब्रुवारी २००७ मध्ये दाखल झाली. तेव्हापासून आभासी संगणक फुकट झाला म्हणायला हरकत नाही.

पण आभासी संगणकाला तार कशी लावायची? त्याच्या कार्डाला भोकच नाही. यावरचे उत्तर लिनक्समध्ये आधीपासून तयार होते. २००१ च्या आरंभी आलेल्या लिनक्स २.४ मध्ये लेनर्ट बॉयटेनहेक यांनी नव्याने लिहिलेला ब्रिज होता: पेटी नाही, नुसती आज्ञावली, पण वागणे तंतोतंत केम्फ यांच्या पेटीसारखे. तीच वही, तेच पाच मिनिटांनी विसरणे, तीच तीस सेकंदांची वाट. तिच्या एका तोंडाला खरे लॅन कार्ड लावायचे आणि बाकीच्या तोंडांना आभासी कार्डे. बाहेरच्या जाळ्याला वाटते की या खोलीत पाच संगणक आहेत. ज्यांचा पत्ता ५२:५४:०० ने सुरू होतो ती कार्डे कारखान्यात जन्मलेली नाहीत, क्यूएमू या आज्ञावलीने बनवलेली आहेत, एवढाच फरक चौकस माणसाला दिसतो.

आणि आज्ञावलीचे पूल कितीही बांधता येतात. इथून आमच्या मूळ विषयाला सुरुवात होते. पेट्यांच्या काळात पूल बांधायचा तो जोडण्यासाठी. एकाच यंत्रात दोन-तीन पूल बांधायचे ते मात्र वेगळे ठेवण्यासाठी. पहिल्या पुलावर कार्यालय: निकाल, जन्मतारखा, आधारचे आकडे. दुसऱ्यावर मुलांची प्रयोगशाळा. तिसऱ्याला खरे कार्ड द्यायचेच नाही, त्यावर फक्त आभासी संगणक आपसात बोलतील. वेगवेगळी चार यंत्रे घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा एका यंत्रात चार खोल्या. लहान गावातल्या संस्थांना ही रचना सोयीची वाटते आणि आम्हीही ती उत्साहाने सुचवत आलो आहोत.

मांडणी अवघड नाही. पूल निर्माण करायचा, खरे कार्ड त्याला जोडायचे, आणि कार्डाला दिलेला इंटरनेट पत्ता काढून पुलाला द्यायचा. या शेवटच्या पायरीवर बहुतेकांची पहिली ठेच लागते. पत्ता कार्डावरच राहिला तर काहीच धड चालत नाही. आणि लांबून जोडणी करून हे काम करत असलात तर पत्ता काढल्याक्षणी तुमचीच जोडणी तुटते. मग एसटी पकडून त्या गावी जायचे. आम्ही गेलो आहोत. दुसरी ठेच बिनतारी कार्डाची. लॅपटॉपचे वायफाय पुलाला लावून चालत नाही, कारण पलीकडचे वायफाय केंद्र नोंदणी झालेल्या एकाच पत्त्याच्या चौकटी स्वीकारते. मागे उभ्या असलेल्या आभासी मंडळींना ते ओळख देत नाही.

आता ती फजिती. जिल्ह्यातल्या एका संस्थेत आम्ही दोन कार्डांचे यंत्र असे मांडून दिले होते. एक कार्ड कार्यालयाच्या स्विचला, दुसरे प्रयोगशाळेच्या. आत दोन पूल, पाच आभासी संगणक. पुढे एका हुशार विद्यार्थ्याने शिकण्यासाठी सहावा बनवला, त्याला दोन आभासी कार्डे दिली, एकेक पुलावर, आणि त्या आभासी संगणकाच्या आत त्या दोन्हींना जोडणारा आणखी एक पूल बांधला. म्हणजे कार्यालय आणि प्रयोगशाळा यांच्यामधली भिंत त्या दिवशी गेली. ओरड झाली नाही, कारण कोणाचे काही बिघडले नाही. प्रयोगशाळेतून कार्यालयाचा छपाईयंत्र दिसतो, असे एकदा कोणीतरी म्हणालेही होते. आम्ही ते हसण्यावारी नेले.

काही आठवड्यांनी परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आले. मुले खेड्यांवरून आलेली. प्रयोगशाळेतले इंटरनेट चालेना, म्हणून कोणीतरी सद्‌हेतूने व्हरांड्यातल्या खोक्यातून कार्यालयाचा स्विच आणि प्रयोगशाळेचा स्विच एका तारेने जोडले. दोन्ही स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकू लागले आणि सगळे थांबले. कार्यालयातलेही.

आम्हाला बोलावले तेव्हा दिवे पाहूनच वादळ आहे हे कळले. फेरा शोधायचा. व्हरांड्यातली तार सापडली, पण ती एकच. फेऱ्याला दुसरी बाजू हवी. आम्ही तास-दीड तास भिंतींवरून तारा माग काढत फिरलो. यंत्र बंद केले की वादळ शमे, सुरू केले की काही मिनिटांत परत येई. पण यंत्राच्या मागून तर दोनच तारा निघत होत्या आणि आत दोन वेगळे पूल होते, आम्हीच बांधलेले. शेवटी लिनक्सच्या नोंदवहीत डोकावलो. तिथे ओळीमागून ओळ होती: आपल्याच पत्त्याची चौकट बाहेरून आली. पुलाच्या वहीत तोच एक पत्ता आता या तोंडावर, आता त्या तोंडावर असा पळत होता. दुसरी तार त्या सहाव्या आभासी संगणकाच्या पोटात होती.

पर्लमन यांचे औषध १९८५ पासून उपलब्ध होते. स्वस्त स्विचच्या पेट्यांत ते नसतेच, हे ठाऊक होते. पण लिनक्सच्या पुलात ते असते आणि तो पूल नव्याने बांधला की सामान्यतः बंद असते, हे ठाऊक असूनही आम्ही ते चालू केले नव्हते. कारण तीस सेकंदांच्या थांब्यामुळे सुरू होणारा आभासी संगणक पत्ता मागून कंटाळतो, आणि मग लोक तक्रार करतात. दोन पूल, मध्ये काही नाही, फेरा होईल कुठून, असा आमचा हिशेब होता. संध्याकाळी साडेसहापर्यंत अर्ज पुन्हा सुरू झाले. शेवटची बस सुटलेली काही मुले त्या रात्री तिथेच राहिली.

वादळ दिसले म्हणून बरे, असे आम्हाला आजही वाटते. त्याआधीचे काही आठवडे कार्यालयाची कागदपत्रे प्रयोगशाळेला उघडी होती आणि दिवे शांतपणे लुकलुकत होते. भिंत नसल्याचे कुणालाच दिसले नव्हते, कारण ती असल्याचेही कधी दिसले नव्हते. तारांच्या काळात दोन जाळी वेगळी आहेत ना, हे शिपाईसुद्धा टेबलाखाली वाकून सांगू शकत असे.

नंतर आम्ही त्या यंत्राची मांडणी बदलली. यजमान यंत्राला इंटरनेट पत्ता आता फक्त पहिल्या पुलावर आहे. दुसऱ्या आणि नव्याने बांधलेल्या तिसऱ्यावर नाही. पुलाला चौकटी पोहोचवायला स्वतःचा पत्ता लागत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पत्ता दिला की यजमान त्या गावचा रहिवासी होतो, आणि पाकिटे पुढे धाडण्याची सोय त्यात चालू असेल तर दोन्ही गावांमधला राउटरही होऊन बसतो. ती सोय आभासी संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या काही आज्ञावल्या आपणहून चालू करतात, म्हणून ती आम्ही मुद्दाम तपासली. कार्यालय आणि प्रयोगशाळा यांच्यात जे जायलाच हवे त्यासाठी एक आभासी राउटर ठेवला. तो वाघीण उघडून पाहतो आणि लिहून दिलेल्या चार प्रकारांखेरीज काही सोडत नाही. पर्लमन यांची रीत दोन्ही पुलांवर चालू आहे. थांब्याचा काळ काही मर्यादेत कमी करता येतो, तो केला.

आणखी एक गोष्ट केली, तिचा तंत्राशी फारसा संबंध नाही. यंत्राच्या पोटातले पूल, त्यांची तोंडे आणि प्रत्येक तोंडावर कोण, याची आकृती कागदावर काढून त्या खोलीच्या भिंतीवर लावली. काही बदलायचे असेल तर आधी आकृतीत पेन्सिलने बदलायचे, मग यंत्रात.

त्या विद्यार्थ्याला कोणी रागावले नाही, निदान आमच्यासमोर तरी. तिसरा पूल, ज्याला खरे कार्ड नाही, तो आता त्याच्या आणि त्याच्यामागून आलेल्या मुलांच्या ताब्यात आहे. तिथे ती मुद्दाम फेरा करतात, वादळ उठवतात, आणि घड्याळ लावून बघतात, की रीत चालू केल्यावर ते किती सेकंदांत शमते.